सूर आणि गोष्ट : ठाण्याच्या रंगमंचावरील येता हंगाम

(दृश्य : तलावपाळीचा रस्ता, मासुंदा तलाव, गडकरी रंगायतनाचे प्रवेशद्वार आणि बाहेरचा फलक)

ठाणे स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून तलावपाळीच्या दिशेने चालत गेले की मासुंदा तलावाच्या काठावर राम गणेश गडकरी रंगायतन लागते. १९७८ मध्ये सुरू झालेले हे नाट्यगृह मोठ्या नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये रसिकांसाठी पुन्हा खुले झाले. त्याच्या फलकावर येत्या प्रयोगांच्या तारखा आणि वेळा लिहिलेल्या असतात, आणि बहुतेकांची नजर साहजिकच शनिवार-रविवारच्या नाटकांवर जाते. या चित्रफितीचा विषय त्याच फलकावरचे इतर कार्यक्रम हा आहे : नाट्यसंगीताची मैफल, आख्यान रंगवणारे कीर्तन, कथाकथन, अभिवाचन, आणि गाणे व गोष्ट एकाच सूत्रात गुंफणारे रंगमंचीय कार्यक्रम. गणेशोत्सव आणि नवरात्र आटोपले की ठाण्यात अशा कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो, दिवाळी पहाटेपासून तो भरात येतो, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास अभिवाचने आणि काव्यवाचने वाढतात, आणि गुढीपाडव्यापर्यंत तो चालू राहतो.

या कार्यक्रमांची जाहिरात नाटकांइतकी होत नाही. त्यात पडद्यावर गाजलेला चेहरा क्वचितच असतो, नेपथ्य साधे असते, आणि अनेकदा मंचावर चार वाद्ये, दोन माइक आणि एक टेबल यांपलीकडे काही नसते. तरीही मराठी रंगभूमीची मुळे शोधायची असतील, तर ती याच मांडणीत सापडतात, असे आमचे ठाम मत आहे.

(दृश्य : वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह, बाहेरून)

खाडीपलीकडे नवी मुंबईत, वाशीला, विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि तोच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या खेळाची रचना आज पुन्हा पाहण्यासारखी आहे. सूत्रधार पदे गात असे, कथा त्या पदांतून पुढे सरकत असे, आणि पात्रे त्या प्रसंगाला धरून आपली भाषणे ऐनवेळी उत्स्फूर्तपणे बोलत असत. म्हणजे कथा सांगण्याची मुख्य जबाबदारी गाणाऱ्यावर होती. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हा पात्रे स्वतः गाऊ लागली. परंतु त्यांच्या तोंडी साकी आणि दिंडी या वृत्तांतली जी पदे आली, त्यांची चाल श्रोत्यांच्या कानांवर कीर्तनातून आधीच बसलेली होती.

कीर्तनाविषयी थोडे सविस्तर बोलणे आवश्यक आहे, कारण येत्या हंगामात ज्यांना ते प्रथमच ऐकायचे आहे त्यांच्या मनात ‘हे केवळ देवळातले आणि वयस्कर मंडळींचे’ अशी समजूत असू शकते. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग किंवा पद घेऊन त्याच्या अर्थाचे निरूपण करतात, दाखले देतात, शंका उपस्थित करून त्यांचे निरसन करतात. मध्यंतरी नामघोष होतो, कीर्तनकारांना हार घातला जातो, बुक्का लावला जातो, आणि मग उत्तररंगात आख्यान सुरू होते. पूर्वरंगात मांडलेला विचार आख्यानातल्या माणसांच्या वाट्याला येतो, तेव्हा तो श्रोत्याला खऱ्या अर्थाने पटतो. एकच व्यक्ती उभी राहून गाते, बोलते, राजा आणि दासी दोघांचे संवाद म्हणते, ओवी, आर्या, श्लोक, साकी, कटाव अशी वृत्ते आणि चाली प्रसंगानुसार बदलते, आणि हे सर्व पेटी, तबला आणि झांजा यांच्या साथीने चालू असते. युद्धाच्या वर्णनाला कटावाची धावती लय आणि करुण प्रसंगाला ओवीची संथ चाल का घेतली जाते, हे एकदा लक्षात आले की कीर्तन ऐकण्यातला आनंद कितीतरी पटींनी वाढतो. नाट्यगृहात कीर्तन ऐकताना देवळातली सलगी थोडी कमी होते, हे खरे; परंतु प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचतो, आणि आख्यानासाठी ही सोय फार मोलाची आहे.

(दृश्य : तालमीची खोली. पेटीवादक सूर धरतात, तबलजी हातोडीने तबला मिळवत आहेत.)

आता आपण एका तालमीत आलो आहोत. येथे तयार होणाऱ्या कार्यक्रमात एक गायिका, एक गायक आणि एक निवेदक आहेत. गाणी आधीच बसली आहेत. आजचा सगळा वेळ जोड बसवण्यासाठी आहे. गायकाची पट्टी, म्हणजे तो ज्या स्वराला ‘सा’ मानून गातो तो पेटीवरचा स्वर, काळी एक आहे आणि गायिकेची काळी चार, त्यामुळे तबलजींना दोन स्वरांत मिळवलेले दोन तबले जवळ ठेवावे लागतात. एक गाणे संपून दुसरे सुरू होण्याच्या आत तबला बदलायचा, त्याचा सूर पारखायचा, गरज पडल्यास हातोडीने गठ्ठे ठोकून तो सारखा करायचा, आणि हे सारे श्रोत्यांच्या लक्षात न येता व्हायचे. तो अवकाश निवेदक मिळवून देतो. नाट्यगृहातील वातानुकूलनामुळे चामड्याचा ताण बदलतो आणि तालमीत बिनचूक लागलेला सूर मंचावर जागचा हलतो, याची जाणीव प्रत्येक अनुभवी साथीदाराला असते. म्हणूनच मंडळी प्रयोगाच्या बरीच आधी येऊन वाद्ये मंचावर ठेवतात आणि त्यांना त्या हवेत रुळू देतात.

निवेदकाचे काम मात्र केवळ वेळ भरून काढण्याचे नाही, आणि येथे आम्हांला काही स्पष्टपणे सांगावेसे वाटते. गेल्या काही वर्षांत गाण्यांच्या अनेक कार्यक्रमांतून निवेदन म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या आठवणी आणि किस्से असा प्रकार रूढ झाला आहे. किस्से रंजक असतात, पण त्यांच्यामुळे गाणी सुटी सुटी होतात आणि प्रत्येक गाण्यानंतर कार्यक्रम पुन्हा नव्याने सुरू करावा लागतो. चांगले निवेदन कथा पुढे नेते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या संगीतासह श्रोत्यांपर्यंत पोहोचली. त्यातली बहुतेक गीते कथेतल्या एखाद्या व्यक्तीच्या तोंडी आहेत. गाणे थांबले की प्रसंग पुढे गेलेला असतो. आज गाणे आणि गोष्ट एकत्र बांधू पाहणाऱ्या कोणत्याही चमूने त्या रचनेचा अभ्यास करावा.

तालमीत निवेदकाचे शेवटचे वाक्य चालू असतानाच पेटीवर षड्ज हलकेच धरला जातो, वाक्य संपते आणि त्याच श्वासात गायिका पहिली ओळ उचलते. दिग्दर्शिका ही जागा पुन्हा पुन्हा करून घेतात. वाक्यातला एक शब्द जास्त झाला तर सूर ताटकळतो, आणि एक शब्द कमी पडला तर गाणे घाईने आल्यासारखे वाटते. अखेरीस दिग्दर्शिका निवेदनातले एक सुंदर विशेषण काढून टाकतात. आम्हांला ते आवडले होते, पण गाणे आता योग्य क्षणी सुरू होते.

(दृश्य : दिवाळीच्या सुमारास पहाटेची तलावपाळी, आकाशकंदील, नाट्यगृहाकडे जाणारे रसिक)

दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांकडे केवळ सणाचा उत्साह म्हणून पाहिले जाते. संगीताच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व निराळे आहे. आपल्या मैफिली बहुधा संध्याकाळी आणि रात्री होतात, त्यामुळे भैरव, ललित, अहिर भैरव, तोडी हे सकाळचे राग प्रत्यक्ष समोर बसून ऐकण्याची संधी फारशी येत नाही. ती दिवाळीत येते. नाट्यसंगीतातही सकाळच्या रागांतली उत्तम पदे आहेत, आणि ती त्यांच्या वेळेला ऐकली की त्यांचा रंग वेगळाच जाणवतो.

नाट्यसंगीताचा उल्लेख ठाण्यात पंडित राम मराठे यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. १९२४ मध्ये जन्मलेले आणि १९८९ मध्ये निवर्तलेले रामभाऊ या शहराचे रहिवासी होते. ‘मंदारमाला’ या विद्याधर गोखले यांच्या नाटकाचे संगीत त्यांनी दिले आणि त्यात भूमिकाही केली. त्यांच्या स्मरणार्थ ठाणे महानगरपालिका संगीत महोत्सव भरवते, आणि त्यात ज्येष्ठ कलावंतांबरोबर तरुण गायक-वादकांनाही स्थान मिळते. आपल्या शहरात राहिलेल्या गवयाच्या नावाने त्याच शहरात गाणे होत राहावे, याचे आम्हांला मनापासून अप्रूप आहे. कवी पी. सावळाराम यांनी तर या शहराचे नगराध्यक्षपद भूषवले होते. त्यांची गीते आजही ठाण्यातल्या भावगीतांच्या कार्यक्रमांत हमखास असतात.

कथाकथनाला सूर नसतो, परंतु लय असते. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव एकत्र कार्यक्रम करून कथाकथनाला स्वतंत्र प्रयोगाचा दर्जा मिळवून दिला, आणि पुढे व. पु. काळे यांनी शहरी मध्यमवर्गाच्या गोष्टी सांगत नाट्यगृहे भरवली. कथाकथनात लेखक किंवा कथाकार श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहून गोष्ट सांगतो. अभिवाचनात हातात संहिता असते आणि तिच्या शब्दाला धक्का न लावता ती आवाजातून उभी करायची असते. दोन्हींचे कसब वेगळे आहे. कथाकार श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून एखादा प्रसंग लांबवू शकतो, एखादे वर्णन गाळू शकतो, हशा पिकला तर थांबू शकतो. त्यामुळे तीच गोष्ट ठाण्यात एक रूप घेते आणि कल्याणला दुसरे. ध्वनिफितीवर यातले एकच रूप कायम होते, म्हणून कथाकथन प्रत्यक्ष ऐकण्याला पर्याय नाही.

(दृश्य : डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाचे लहान प्रेक्षागृह)

अशा प्रयोगांसाठी लहान सभागृह उत्तम. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, हिरानंदानी मेडोज परिसरातील डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात मुख्य प्रेक्षागृहाबरोबर एक लहान प्रेक्षागृहही आहे. तेथे कथाकाराचा चेहरा शेवटच्या रांगेतूनही नीट दिसतो, कुजबुजलेले वाक्य कुजबुजच राहते, आणि गायकाला आवाज चढवण्याची गरज पडत नाही. नव्या कलावंतांनी आपले कार्यक्रम येथे लावावेत आणि रसिकांनी ते पाहावेत, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. मोठ्या प्रेक्षागृहात शंभर श्रोते आले तर कलावंत खचतो. येथे तेवढेच श्रोते आले तर मैफल जमते.

एक गोष्ट या फलकांवर आम्हांला अजून पुरेशी दिसत नाही. ठाणे आणि आजचा पालघर हा प्रदेश २०१४ पर्यंत एकच जिल्हा होता, आणि गाऊन गोष्ट सांगण्याची येथील परंपरा नाट्यगृहांहून पुष्कळ जुनी आहे. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते. विधींमागून विधी होत जातात आणि त्यांचा अर्थ तिच्या गाण्यातून उलगडत जातो. वारली पाड्यांवर भगत घांगळी हे तंतुवाद्य वाजवत कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा गातो. या गाण्यांना त्यांचा प्रसंग असतो, त्यांची वेळ असते, त्यामुळे ती जशीच्या तशी उचलून मंचावर ठेवणे उचित होणार नाही. परंतु ज्या स्त्रियांनी आणि भगतांनी ही संपदा मुखोद्गत ठेवली आहे, त्यांना सन्मानाने आणि योग्य मानधन देऊन निमंत्रित करावे, काय गायचे आणि काय गायचे नाही हे त्यांनीच ठरवावे, आणि शहरातल्या श्रोत्यांसाठी थोडक्यात संदर्भ सांगावा, एवढे तर आयोजकांना निश्चित करता येईल. येत्या हंगामाची आखणी करणाऱ्या प्रत्येक संस्थेसमोर आम्ही ही मागणी ठेवत आहोत.

(दृश्य : तिकीट खिडकी, रांगेतील प्रेक्षक, बाकांवर बसलेली मुले)

नाट्यगृहाचा दिवस साधारणपणे सकाळ, दुपार आणि रात्र अशा सत्रांत विभागलेला असतो. सुट्टीच्या दिवसांची दुपारची आणि रात्रीची सत्रे नाटकांसाठी सर्वाधिक मागणीची असल्यामुळे गाण्याचे आणि गोष्टींचे कार्यक्रम पुष्कळदा आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी लागतात. मुंबईहून लोकलने परतणाऱ्या नोकरदारांना मधल्या वारी वेळ गाठणे कठीण जाते, हे आम्ही जाणतो. स्थानकातून गडकरी रंगायतनाला पायी जाता येते, तर घाणेकर नाट्यगृहासाठी बस किंवा रिक्षा घ्यावी लागते. घोडबंदर रस्त्यावरची संध्याकाळची वाहतूक लक्षात घेऊन तेवढा वेळ हाताशी ठेवावा. आख्यान किंवा कथा सुरू झाल्यावर आत येणाऱ्याला सुरुवातीचा धागा मिळत नाही, आणि आधीपासून बसलेल्यांचाही तो तुटतो. मुलांना आणायचे असल्यास रविवार सकाळचा कथाकथनाचा कार्यक्रम निवडावा, आणि शक्य तर त्यांना पुढच्या रांगेत बसवावे, कारण कथाकाराला समोर मुले दिसली की सांगण्याची धाटणी बदलते.

यांतले काही कार्यक्रम विनामूल्य असतात आणि त्यांच्या प्रवेशिका आधी घ्याव्या लागतात. उरलेल्यांची तिकिटे नाट्यगृहाच्या खिडकीवर मिळतात, आणि अनेक आयोजक ती ऑनलाइनही ठेवतात. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींच्या पानावर या कार्यक्रमांच्या चौकटी लहान असतात, तेव्हा ते पान सावकाश पाहावे, आणि तलावपाळीवरून जाताना फलकही शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. लहान प्रेक्षागृहातल्या जागा मोजक्या असतात आणि चांगल्या कथाकारांच्या प्रयोगांना त्या लवकर भरतात, म्हणून तिकीट आदल्या दिवशीच काढलेले बरे.