टापांचा ताल आणि कॅमेऱ्याचं बटण

नमस्कार श्रोतेहो. मोकळ्या मैदानावर अश्वस्पर्धा चालू असताना घोड्यांचे आणि स्वारांचे फोटो कसे काढावेत, याबद्दल आज बोलणार आहे. फोटोची गोष्ट रेडिओवर कशाला, असं वाटेल. पण माझं ठाम मत आहे, घोड्याचा फोटो आधी कानाने टिपावा लागतो.

घोडा सावकाश चालतो तेव्हा चार खूर एकामागून एक टेकतात. टप, टप, टप, टप. दुडकी चाल धरली की पुढचा एक आणि विरुद्ध बाजूचा मागचा एक, अशी तिरकी जोडी एकदम पडते, म्हणून दोनच ठोके ऐकू येतात. त्याहून वेगाची चाल म्हणजे कॅन्टर. त्यात तीन ठोके आणि मग क्षणभर काहीच नाही. त्या रिकाम्या क्षणात घोड्याचा एकही पाय जमिनीला लागलेला नसतो. भरधाव सुटला की पुन्हा चार ठोके, पण इतके जवळजवळ की कान तयार नसेल तर नुसता गडगडाट वाटतो.

हा हवेतला क्षण नुसत्या डोळ्याला दिसत नाही. पूर्वीचे चित्रकार धावता घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून दाखवत. 1878 साली कॅलिफोर्नियात छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग लावली. घोड्याच्या वाटेत आडवे धागे बांधले, ते तुटतील तसा एकेक कॅमेरा उघडत गेला. घोडा चारही पायांनी हवेत असतो हे त्यातून दिसलंच, पण तो कधी असतो हेही दिसलं. पाय ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना! म्हणून सांगतो, डोळ्यावर विसंबू नका. सरावाच्या रिंगणाशी जाऊन उभे राहा, कॅमेरा खाली ठेवा आणि थोडा वेळ नुसतं ऐका.

आता वेगाचा हिशेब पाहू. क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या रानातून अडथळे ओलांडत धावण्याच्या स्पर्धेच्या, सर्वोच्च स्तरावर घोड्याने मिनिटाला 570 मीटर जावं अशी अपेक्षा असते, म्हणजे सेकंदाला साडेनऊ मीटर. दिसलं की बोट दाबायचं म्हटलं, तर डोळ्याकडून बोटापर्यंत निरोप जायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात घोडा दोनेक मीटर पुढे गेलेला असतो. सेकंदाला दहा फोटो घेणारा कॅमेरा असला, तरी दोन फोटोंच्या मध्ये घोडा जवळजवळ एक मीटर सरकतो, आणि हवा तो क्षण नेमका त्या मीटरभरात निसटू शकतो. बटण दाबून धरलं की काम झालं, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा पावलं मोजा. कॅन्टरमधलं घोड्याचं एक पाऊल, म्हणजे तीन ठोक्यांचा एक पूर्ण फेरा, ढोबळमानाने साडेतीन मीटरचं असतं. उड्यांच्या स्पर्धेत दोन अडथळ्यांमधलं अंतर त्या पावलांच्या हिशेबाने ठरवलेलं असतं, आणि स्पर्धेआधी स्वार ते अंतर स्वतः चालून मोजतात. त्यांच्याकडे लक्ष ठेवा. पाच पावलांची ओळ आहे हे कळलं, की चौथ्या पावलाला श्वास रोखायचा आणि पाचव्यानंतर पुढचे पाय जमीन सोडतात तेव्हा बटण दाबायचं. मग मानेची कमान, पोटाशी घट्ट दुमडलेले गुडघे आणि लगाम सैल सोडत पुढे गेलेले स्वाराचे हात, हे सगळं एकाच चौकटीत येतं.

उभं राहायचं ते अडथळ्याच्या थोडं पुढे आणि बाजूला, तिरक्या कोनात. गुडघ्यावर बसा. कॅमेरा घोड्याच्या छातीइतक्या उंचीवर आला की उडी खरोखर आहे तेवढी उंच दिसते, उभ्याने वरून काढलेल्या फोटोत ती बसकी वाटते. लेन्स लांबची घ्या, 70 ते 200 मिलिमीटरची पुष्कळ झाली. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलात, तर डोकं अवाढव्य आणि मागचा भाग शिंगरासारखा दिसेल. एवढ्या देखण्या जनावरावर तो अन्याय आहे.

शटर, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहण्याचा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं तर त्या अवधीत घोडा जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो आणि फोटो स्वच्छ येतो. वेग दाखवायचा असेल तर शटर साठाव्या भागावर आणा आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत न्या. डोकं स्पष्ट राहतं, पाय आणि मागची झाडी पुसट होतात. यात बरेच फोटो वाया जातात, पण जमलेला एक फोटो सगळी भरपाई करतो.

काळा घोडा आणि पांढरा घोडा दोघेही कॅमेऱ्याला चकवतात, कारण कॅमेरा सगळं मधल्या करड्या छटेकडे ओढतो. काळ्यासाठी प्रकाश थोडा कमी करा, पांढऱ्यासाठी थोडा वाढवा. दुपारच्या उन्हात स्वाराचा चेहरा टोपीच्या सावलीत हरवतो. म्हणून सकाळच्या आणि उतरत्या उन्हाच्या फेऱ्या सोडू नका.

फ्लॅश मात्र वापरायचा नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सभोवारचं दिसतं. कडेला अचानक उघडलेली छत्री किंवा झटकन उभा राहिलेला माणूससुद्धा त्याला बिचकवतो, आणि उडीच्या ऐन वेळी बिचकलेला घोडा म्हणजे स्वाराच्या जिवाशी खेळ. घोडा अडथळ्याकडे निघाला की तुम्ही जागच्या जागी स्थिर. क्रॉस-कंट्रीच्या वाटेवर शिट्टी ऐकू आली तर घोडा येतो आहे असं समजा आणि वाट मोकळी ठेवा.

फोटो निवडताना आधी कान बघा. पुढे टवकारलेले कान म्हणजे घोड्याचं लक्ष अडथळ्यावर आहे. ड्रेसाजमध्ये, म्हणजे रिंगणातल्या शिस्तबद्ध चालींत, कान किंचित मागे वळलेले असतील तर तो स्वाराकडे लक्ष देतो आहे, असा फोटो बाद करू नका. पण कान मानेला चिकटलेले असतील किंवा लगामाच्या ओढीने तोंड वासलेलं असेल, तर चौकट कितीही नेमकी असो, मी तो फोटो कुणाला देत नाही. पडल्याचे फोटोही स्वाराला विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नयेत. आणि घोडेस्वारी जाणणारं कुणी ओळखीचं असेल तर निवडीच्या वेळी शेजारी बसवा. आपण रंग आणि प्रकाश बघत असतो, तेव्हा त्यांची नजर पुढचे दोन्ही गुडघे सारखे उचलले आहेत का आणि स्वाराची टाच खाली आहे का, इथे असते. स्वारही आपला फोटो हातात आला की पहिल्यांदा तेच पाहतो.