मय्या उजव्या हाताला

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘नर्मदेवरचं क्रूझ पर्यटन आणि आपला वारसा’. वेळ अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं माझ्या परिचयात गेली. जन्मसालसुद्धा सांगून टाकलंत, आता लपवायला काही उरलं नाही.

2023च्या जानेवारीत वाराणसीहून ‘गंगा विलास’ निघाली. दिब्रुगडपर्यंत 3,200 किलोमीटर, 51 दिवस. तेव्हापासून इंदुरात जो भेटतो तो विचारतो, “भिया, आपल्या नर्मदेवर कधी?” त्यावर मी माझ्या मावशीची गोष्ट सांगतो. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी कृपया पुढचं बोलू नये.

मावशी पुण्याची. गाडीनं नर्मदा परिक्रमेला निघालेली, म्हणजे नर्मदामय्या उजव्या हाताला ठेवून तिला पूर्ण फेरी. ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं समुद्रापर्यंत, मग उत्तर तटानं परत येताना महेश्वरला मुक्काम. मी इथून नव्वद किलोमीटर धावत गेलो, होळकरांच्या गावी आपला रुबाब दाखवायला. घाटावर नाव ठरवली, भाव केला (म्हणजे नावाड्यानं केला, मी मान हलवली) आणि म्हटलं, चल, नदीच्या मधल्या बाणेश्वराला जाऊन येऊ.

मावशी पायरीवरून हलेना. “परिक्रमेत मय्या ओलांडायची नसते.”

“अगं, ओलांडत कुठंय? मध्यापर्यंतच!”

“अर्धं ओलांडणं म्हणजे काय असतं रे?”

मी वकिली केली. “दक्षिण तटाच्या विमलेश्वरहून उत्तर तटाच्या मिठी तलाईला आलीस ती बोटीनंच ना?”

“तो समुद्र. तिथं मय्याच संपते, तेव्हा बोट चालते. इथं ती आहे.” एवढं बोलून नावाड्याला “नर्मदे हर” म्हणाली. त्यानं हात जोडले आणि माझ्याकडे बघितलंही नाही. ठरलेले पैसे मात्र घेतले. मग मी एकटाच बाणेश्वराला जाऊन आलो आणि मावशी तिकडून, माझ्याकडे पाठ करून, साड्या बघत होती.

हसा. पण माझं सगळं म्हणणं यातच आहे. परिक्रमेत बोटीचा प्रवास पूर्वीपासून आहे आणि बोट कुठं चालते, कुठं नाही, हेही ठरलेलं आहे. आपण मात्र आधी जहाज आणायचं आणि मग त्याला नदी शोधायची, असं चाललंय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर भराभर. मोठं जहाज चालणार कुठं? महेश्वरच्या वर मंडलेश्वरला धरणाची भिंत, खाली सहस्रधारेचे खडक. सरदार सरोवराच्या फुगवट्यात पाणी आहे, पण त्याच्या तळाशी चिखल्द्यासारखी गावं आहेत. त्यांच्यावरून जाताना प्रवाशाला काय सांगणार, सूर्यास्त छान दिसतो म्हणून? म्हणून माझी सूचना: जहाज नको. छोट्या नावा, घाटाघाटानं, मधला तुटलेला टप्पा रस्त्यानं. चालवणारे इथलेच केवट. परिक्रमावासींसाठी तटाला धरून वेगळी फेरी. अहिल्याबाईंचा वाडा पाहिला की थेट हातमागावर जायचं, महेश्वरी साडीची बुगडी किनार दोन्ही बाजूंनी सारखी कशी येते ते विणकरानंच दाखवायचं. 1979पासून रेहवा सोसायटी तिथं मागाचं काम टिकवून आहे, त्यांना विचारा तरी.

आणि रावेरखेडी! 28 एप्रिल 1740ला बाजीराव पेशवे तिथं वारले, समाधी नदीकाठीच आहे. आपल्यातल्या किती जणांनी पाहिलीय? ... चार हात. मावशीनं पाहिली होती, दक्षिण तटानं जातानाच.

अहो, माईक ओढू नका, खर्चाचं सांगायचं राहिलंय. नाही? ठीक आहे, चहाला सांगतो.