अनाउन्समेंट एकच, पण हार्टमधल्या कुठल्या पेशी उठतात?

मगाशी चहा घेताना एका काकांनी विचारलं, ‘डॉक्टर, दम्याचा पंप मारला की छातीत धडधड का होतंय ओ? औषध तर फुप्फुसाचं की!’ म्हटलं चला, ठरवलेलं भाषण राहू दे, आज ह्याच्यावरच बोलूया.

आता बघा, औषध असो नाहीतर अंगातला हार्मोन, तो रक्तातून सगळीकडे फिरतो. बेळगाव स्टँडवर खानापूर गाडीची अनाउन्समेंट सगळेच ऐकतात, पिशवी उचलून पळतो तो खानापूरवाला. पेशीचंही तेच, जिच्यावर त्या हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे त्याची हाक ऐकणारा कान, आहे तीच हलणार. घाबरलो की अंगात सुटणारा हार्मोन म्हणजे ॲड्रेनलिन, त्याचे रिसेप्टर अल्फा आणि बीटा असे दोन जातीचे, हे १९४८ ला आल्क्विस्ट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं, आणि १९६७ मध्ये बीटाचेही दोन पडले. मग सगळ्यांनी सोपं करून टाकलं, बीटा-१ हार्टचा, बीटा-२ फुप्फुसाचा. परीक्षेत तेवढं लिहिलं की मार्क पडायचे. पण माणसाच्या हार्टच्या खालच्या कप्प्यांत शंभरातले ७५-८० बीटा-१ असले तरी उरलेले बहुतेक बीटा-२ च असतात, आणि वरच्या कप्प्यांत त्यांचा वाटा अजून थोडा जास्त, त्यामुळे पंपातला साल्ब्युटामोल, जो बीटा-२ साठीच बनवलाय, थोडा तिथंही लागतोच, शिवाय तो रक्तवाहिन्या सैल करतो म्हणूनही हार्ट वेग वाढवतं.

पण हा ७५-८० चा आकडा हार्टचा तुकडा घेऊन त्याचा लगदा करून काढलेला, म्हणजे सरासरी. त्यात कुठल्या पेशीवर कुठला रिसेप्टर ते कळतच नाही, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथंच आहे. हार्ट म्हणजे नुसते स्नायू नाहीत ओ. जागा बरीचशी स्नायूपेशींनीच अडवलेली, पण डोकी मोजायला बसलात तर निम्म्याहून जास्त पेशी दुसऱ्याच निघतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या, फायब्रोब्लास्ट म्हणजे मधला धागा विणणाऱ्या, अशा. २०१७ मध्ये उंदरांच्या स्नायूपेशी एकेक सुट्या करून तपासल्या, तर बीटा-१ सगळ्यांवर, अल्फा-१ए (अल्फाचा एक पोटप्रकार) काहींवरच, आणि बीटा-२, बीटा-३ (बीटाचा नंतर सापडलेला तिसरा प्रकार) बहुतेकींवर नाहीतच! बीटा-३ सापडला तो जास्त करून अस्तराच्या पेशींत. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावू नका, पण एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन पेशी एकाच हार्मोनला वेगळं वागतात एवढं तर दिसलं.

बीपीच्या लोसार्टन, टेल्मिसार्टन गोळ्यांचं पण असंच. त्या अडवतात तो अँजिओटेन्सिन ह्या बीपी वाढवणाऱ्या हार्मोनचा एटी-१ रिसेप्टर, आणि हार्टमध्ये तो फायब्रोब्लास्टवर भरपूर. तो सतत चाळवला की त्या पेशी कोलॅजन, म्हणजे चिवट धागे, बनवत सुटतात, हार्ट ताठ होतं.

आणि हे रिसेप्टर जन्मभर तेवढेच राहतात असंही नाही. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हार्टची ताकद कमी पडते तेव्हा, ॲड्रेनलिनचा मारा चालूच असतो, मग पेशी बीटा-१ कमी करून टाकतात, बीटा-१ आणि बीटा-२ चं प्रमाण ६०-४० च्या आसपास येतं. तरी ते थकलेलं हार्ट त्या ॲड्रेनलिनच्याच जोरावर ओढत असतंय, म्हणून बीटा-१ अडवणारं मेटोप्रोलॉल एकदम पूर्ण डोसने देत नाहीत, अगदी थोड्यावर चालू करून पेशंटला झेपेल तसं दर दोनेक आठवड्यांनी वाढवत नेतात.