टाकीला आतून काय चिकटलंय?

वर्धा रोडनं नागपूरच्या बाहेर पडलं की बुटीबोरी एमआयडीसी लागते, दुसऱ्या अंगाला हिंगणा, तिकडं कळमेश्वर. दूध, ज्यूस, पेंट, औषधं, जिथं पातळ किंवा घट्ट माल बनतो तिथं टाक्या आल्याच, आणि बॅच संपली की टाकी धुणं आलं.

जुनी पद्धत म्हणजे मॅनहोल उघडायचं आणि ब्रश घेऊन माणूस आत उतरवायचा. हे थांबायलाच पाहिजे. आत सॉल्व्हंटची वाफ किंवा नायट्रोजन साचलेला असला की ऑक्सिजन कमी पडतो, माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा घाईनं उतरतो आणि तोही तिथंच पडतो. म्हणून टाकी बंद ठेवूनच आतून धुवायची, अन् त्यासाठी वरून पाणी फवारणारं काहीतरी लटकवायचं. प्रश्न हा की काय लटकवायचं.

सगळ्यात साधा आणि स्वस्त तो स्प्रे बॉल. भोकं पाडलेला स्टीलचा गोळा, फिरत नाही, बिघडायला काही नाही. पाणी भिंतीच्या वरच्या भागावर पडतं आणि तिथून पडद्यासारखं खाली ओघळतं, खरी सफाई त्या ओघळण्यानं होते. उभ्या टाकीला ढोबळ हिशोब असा, घेराच्या प्रत्येक मीटरला मिनिटाला साधारण ३० लिटर. दोन मीटर व्यासाची टाकी म्हणजे घेर सव्वासहा मीटर, म्हणजे मिनिटाला जवळपास १९० लिटर, दहा मिनिटं चालवलं तर १९०० लिटर गेले. एमआयडीसीचं पाणी विकत घेणाऱ्याला हा आकडा चांगलाच कळतो.

आणि बरेच जण इथं काय करतात, साफ होऊन नाही राहिलं तर पंपाचं प्रेशर वाढवतात. स्प्रे बॉल एक ते अडीच बारवर (बार हे दाबाचं माप) नीट चालतो, त्याच्या फार वर गेलं की पाण्याचं धुकं होतं आणि भिंतीवर मारच बसत नाही.

१९५९ मध्ये हेन्केल कंपनीतल्या हर्बर्ट सिनरनं सफाईच्या चार गोष्टी मांडल्या: वेळ, तापमान, केमिकल आणि मार. एक कमी केली की बाकीच्यांनी ती भरून काढायची. स्प्रे बॉलमध्ये मार कमी, मग वेळ जास्त, पाणी जास्त, कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं पाणी) जास्त. दुधाच्या साध्या टाकीला हे चालतं, कारण कॉस्टिक गरम असला की दुधाचे फॅट आणि प्रोटीन सुटतात. फक्त पहिलं धुणं उकळत्या पाण्यानं करू नका, प्रोटीन भिंतीवर शिजून बसतं.

पण संत्र्याचा पल्प, रेझिन, घट्ट पेंट, वाळलेलं सिरप असलं तर नुसतं ओघळणं पुरत नाही. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या पुढं जातो, रिकामी टाकी थोडा वेळ जरी तशीच राहिली तरी आतला थर वाळून घट्ट होतो. तिथं रोटरी जेट हेड लागतं. दोन किंवा चार नोझल, पाण्याच्याच जोरावर आतले गियर फिरतात आणि जेट थोडा थोडा सरकत अख्ख्या भिंतीवर जाळी विणतो. प्रेशर साधारण पाच बार किंवा जास्त लागतं, पण एकंदर पाणी आणि केमिकल बरंच कमी लागू शकतं. महाग आहे, खरं आहे, गियर झिजतात, आणि अडकलं तर बाहेरून समजत नाही, म्हणून रोटेशन सेन्सर घ्याच. मधलाही एक प्रकार आहे, फिरणारा स्प्रे हेड, मध्यम चिकट मालाला तो बरा पडतो.

टाकीच्या साइजवरून कॅटलॉग उघडणं मला पटत नाही. आधी चिकटलंय काय ते बघा, मग टाकीच्या आत काय काय आहे ते. अ‍ॅजिटेटरची माल ढवळणारी पाती, बॅफल म्हणजे आतल्या भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या, डिप पाइप म्हणजे आत खोल उतरलेला पाइप, यांच्या मागं पाणी पोचतच नाही, त्याला शॅडो म्हणतात, तिथं एका बॉलनं भागत नाही, दुसरा दुसऱ्या बाजूनं लावावा लागतो. आणि लाइनमध्ये स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, हवीच, नाहीतर पाइपातला कचरा भोकं बुजवतो.

बसवून झालं की लगेच उत्पादन सुरू करू नका. रायबोफ्लेविन, म्हणजे व्हिटॅमिन बी टू, पाण्यात मिसळून टाकीला आतून फवारा, नुसत्या पाण्याचं एक सायकल चालवा, मग मॅनहोलमधून यूव्ही टॉर्च मारा. जिथं हिरवट-पिवळं चमकतंय तिथं पाणी पोचलेलं नाही. हेडची जागा बदला, पुन्हा फवारा, पुन्हा बघा.