तिसरं सिलिंडर

बडोद्यातला दांडिया बाजार. आमच्या मामांच्या घराखाली ही मारुती आठशे दीड वर्ष उभी होती. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मामीला चालवता येत नाही. ती रोज सकाळी टपावरची धूळ तेवढी पुसायची. गाडी 1998 ची. 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली.

मिस्त्री आले. मामीने किल्ली पुढे केली, ती त्यांनी आधी खिशात टाकली. "काकू, सेल्फ नंतर. आधी उघडून बघू." एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या, शेंगांची टरफलं, उंदराच्या लेंड्या. पेट्रोलला वार्निशसारखा वास. पेट्रोलमधला हलका भाग उडून गेला की मागे चिकट थर राहतो. त्यात मिसळलेलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि गाडीने दोन पावसाळे पाहिले होते. टाकी रिकामी केली, प्लग काढून तिन्ही भोकांत थोडं ऑइल सोडलं आणि पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. पिस्टनच्या कोरड्या पडलेल्या रिंगांना सेल्फचा झटका एकदम द्यायचा नसतो.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे किल्लीला हातच लावू नये. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो.

नवी बॅटरी लावली. आता ऐका.

[इंजिनाचा आवाज]

निळा धूर मघाच्या ऑइलचा, तो जाईल. पण ठोका ऐका. या इंजिनात ठिणगी पडते ती एक, तीन, दोन या क्रमाने. मिनिटाला 900 फेऱ्या धरल्या तर प्रत्येक सिलिंडर 450 वेळा पेटायला हवं. इथे दर तिसरा ठोका गळतोय. तीनांतलं एक गेलं म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली. आरसासुद्धा थरथरतोय.

शेजारचे काका म्हणाले, कार्ब्युरेटर साफ करा. बंद पडलेल्या गाडीला सगळे हेच सांगतात. मिस्त्रींनी मान हलवली. कार्ब्युरेटर एकच, तो तिन्ही सिलिंडरना पेट्रोल देतो. तो चोकअप असता तर तिघंही कुरकुरले असते. मिसिंग, म्हणजे ठोका गळणं, एकाच जागी असेल, तर दोषही त्या एकाच्याच वाटेवर शोधायचा: प्लग, प्लगची वायर, ठिणगीचा करंट तिघांना वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधलं त्याचं टोक, नाहीतर त्याचा व्हॉल्व्ह. मला ही विचाराची शिस्त फार मोलाची वाटते. ती नसली की पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

मग रबरी मुठीची पक्कड घेऊन एकेक वायर काढली. तिच्यात जादा प्लग अडकवून तो इंजिनाच्या धातूला टेकवला, कारण हा करंट हजारो व्होल्टचा असतो. एक काढली, इंजिन बंद पडायला आलं. दोन काढली, तेच. तीन काढली, काहीच फरक नाही.

(नव्या गाड्यांवर हा प्रयोग करू नका. तिथे स्कॅनर लावा. पी-0303 कोड म्हणजे तिसऱ्याचं मिसिंग. आणि तशीच पळवू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.)

एक आणि तीनचे प्लग अदलाबदल केले, तरी मिसिंग तिसऱ्यातच. म्हणजे प्लग निर्दोष. संध्याकाळी दिवा मालवला, पाण्याची बारीक फवारणी केली.

[अंधार. जवळून.]

ही निळी रेघ पाहा. वायरीवरून सरपटत इंजिनाच्या धातूवर उतरतेय. तिथे उंदराने कुरतडलंय. करंट प्लगपर्यंत पोचतच नव्हता.

नव्या वायरी घातल्या. ठोका सुधारला, पण मधूनच एखादा गळत होता. उभ्या गाडीत बहुधा एकाच जागी बिघाड होत नाही. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली. तिसऱ्याच्या टोकावर हिरवट पूट चढलेलं. मिस्त्रींनी नखाने खरवडून दाखवलं आणि कॅप बदलली. सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजवर तिन्ही आकडे जवळपास सारखे आले. एखादा कमी असता तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजलं असतं: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह.

सूरसागरला फेरी मारून आल्यावर प्लग पुन्हा काढले. एक आणि दोन विटकरी, म्हणजे नीट जळताहेत. तीन अजून काळपट.

मिस्त्री मामांना म्हणाले, "शंभर किलोमीटर चालवा, काका, मग दाखवा."

आज सकाळी मी हालोलपर्यंत जाऊन आलो. मामा शेजारी बसले होते, काच खाली करून, कान बॉनेटकडे.