गाडी दौंडला आलीय

नमस्कार मंडळी. अप्पांना जाऊन आज वर्ष झालं. सैनिकाच्या शौर्यावर बोला, असं मला सांगितलं होतं. शौर्यावर ते स्वतः कधी बोलले नाहीत, त्यामुळे माझ्याकडेही ते फारसं नाही. मी माझ्या वडिलांबद्दल बोलणार आहे.

अप्पा बॉम्बे सॅपर्सचे. खडकीत राहणाऱ्यांना सॅपर म्हणजे काय ते सांगायला नको, पण मागे तरुण मुलं बसली आहेत म्हणून सांगते. पलटण पुढे सरकायच्या आधी पूल बांधणारा, सुरुंग काढून वाट मोकळी करणारा जवान म्हणजे सॅपर. गोष्ट सांगा म्हटलं की अप्पा राणेसाहेबांची सांगायचे. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, याच ग्रुपचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर गोळीबार चालू असताना त्यांनी सुरुंग काढले, आडवी पाडलेली झाडं हटवली आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीरचक्र मिळालं. हे सांगताना अप्पांचा आवाज भरून यायचा. “आणि तुम्ही काय केलंत?” असं विचारलं की म्हणायचे, “माती उकरली.”

ती माती कशी उकरतात, हे त्यांनी मला अंगणातल्या वाफ्यात दाखवलं होतं. हातात छत्रीची जुनी काडी. सुरुंग वरून दाब पडला की फुटतो, म्हणून सळई उभी खुपसायची नाही. साधारण तीस अंशांत तिरकी सरकवायची, म्हणजे टोक सुरुंगाच्या कडेला लागतं. लागलं की हात थांबला पाहिजे. मग बोटांनी माती बाजूला. निवृत्तीनंतर गुलाबाच्या मुळाशी ते याच पद्धतीने तण काढायचे. एकही मूळ दुखावायचं नाही.

आमच्याशीही ते असेच वागले. बारावीला मी गणितात नापास झाले, तेव्हा घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. अप्पा सुट्टीवर आले होते. माझ्याशेजारी शेंगा सोलत बसले आणि म्हणाले, “सायकलची चेन अजून निघते का गं?” अर्ध्या तासात मी त्यांना सगळं सांगून मोकळी झाले. निकालाचा शब्द त्यांनी काढलाच नव्हता.

पण घरी असायचे ते सुट्टीपुरते. १७ डिसेंबर १९७१ ला युद्धबंदी झाली. खडकीत पेढे वाटले, शेजारचे काका आठवड्याभरात घरी आले. अप्पा आले नाहीत. लढाई थांबली तरी दोन्ही बाजूंनी पेरलेले सुरुंग शेतांत तसेच असतात, ते काढायला सॅपरच लागतात. पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा, बाकी काही कळायचं नाही. आईने तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा दाराकडे बघत काढला. काळी ट्रंक घेऊन ते फाटकात उभे राहिले, तेव्हा धाकट्या भावाने त्यांना ओळखलं नाही. मोठेपणी एकदा रागाच्या भरात मी त्यांना म्हणाले होते, “आईला गरज होती तेव्हा तुम्ही होता कुठे?” ते काही बोलले नाहीत. ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

उत्तर त्यांनी दिलं ते फार पुढे. आईला विस्मरण जडलं. शेवटची चार वर्षं अप्पांनी तिची वेणी घातली, भरवलं, रात्री उठून चादरी बदलल्या. बाई ठेवू म्हटलं तर नको म्हणाले. ती त्यांना ओळखत नव्हती. रोज संध्याकाळी त्यांनाच विचारायची, “आमचे हे कधी यायचे हो सुट्टीवर?” आणि अप्पा तिचा हात हातात घेऊन सांगायचे, “निघालेत. पठाणकोट सुटलं.” दुसऱ्या दिवशी दिल्ली. मग भुसावळ. मग मनमाड. “आज गाडी दौंडला आलीय,” असं ऐकलं की ती पदर सारखा करायची.

एकदाच त्यांनी पुणं म्हटलं होतं. तेव्हा आई उठून फाटकाशी जाऊन उभी राहिली, अंधार पडला तरी आत येईना. त्यानंतर दौंड झालं की अप्पा पुन्हा पठाणकोटपासून सुरुवात करायचे.