कापूसवाल्यानं झांझिबार कसं पाहावं

(गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून.)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी, माताभगिनींनो, आणि मागं सतरंजीवर बसलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो. आज हजेरी घेत नाही, निवांत बसा.

सचिव म्हणत होते, सर, विषय ‘झांझिबारची सफर’ असा सुटसुटीत ठेवू. मी म्हटलं, समुद्राचे फोटो तर तुमच्या मोबाईलवर ढिगानं आहेत, मले कायले बोलावता? म्हणून पत्रिकेत कापूस छापून घेतला. कापसाकडं येतोच, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

झांझिबार आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला आहे, टांझानियात. दार-ए-सलामहून बोटीनं दोनेक तास लागतात. मोठं बेट उंगुजा, लांबी साधारण 85 किलोमीटर. त्याच्या पश्चिम काठावर स्टोन टाऊन हे जुनं गाव आहे, 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं. ओमानच्या सुलतानानं मस्कतहून आपली राजधानी इथं हलवली, 1840च्या सुमाराला. कुठं वाळवंट आणि कुठं लवंगेच्या बागा! त्याच्या जागी मीही हललो असतो.

आम्ही गेलो ते एका सहल कंपनीबरोबर. नाव घेत नाही, त्यांचा एजंट इथंच बसला असायचा. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात काय होतं? ‘शुद्ध शाकाहारी महाराष्ट्रीय भोजन’. सकाळी पोहे, दुपारी पिठलं-भात, एकादशीला साबुदाणा. आमच्यातल्या एका काकांनी पहिल्याच जेवणाला विचारलं, ठेचा नाही का? तेव्हापासून आमचा टूर मॅनेजर हिरव्या मिरच्यांच्या मागं. एवढं दूर जाऊन माणूस मिरच्या शोधून राहिला! संध्याकाळी फोरोधानीच्या बागेत समुद्रालगत हातगाड्या लागतात. उसाचा रस लिंबू-आलं घालून देतात. उरोजो नावाचं आंबट पिवळं कालवण मिळतं, त्यात भजी, बटाटा, कैरीचा आंबटपणा. आपल्या माणसानं एक वाटी पिऊन दुसरी मागावी असं. पण मॅनेजरची सक्त ताकीद होती, बाहेरचं खायचं नाही. हॉटेलात पिठलं वाट पाहून राहिलं होतं.

आणि स्टोन टाऊनला आम्हाला वेळ किती? पाऊण तास. त्यातला अर्धा बाथरूमच्या रांगेत गेला. उरलेल्यात एक नक्षीचा दरवाजा, त्यावरच्या पितळी गोळ्यांना हात लावून प्रत्येकाचा एक फोटो, चला बसा गाडीत. का, तर चारला बीचवर पोचायचं. अरे, बीच कुठं पळून चालला होता?

पाऊण तास म्हटलं की मला खालिद आठवतो. वर्गातही सांगायचो, पोरांना पाठ आहे. पुन्हा ऐका.

25 ऑगस्ट 1896. सुलतान हमद बिन थुवैनी अचानक वारला. त्याचा चुलतभाऊ खालिद बिन बरघश लगेच राजवाड्यात जाऊन बसला आणि मीच सुलतान म्हणाला. इंग्रजांना दुसरा माणूस हवा होता, हमूद, त्यांच्या ऐकण्यातला. (पुढारी कसे निवडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. इथं टाळी अपेक्षित होती, असो.) त्यांनी 27 तारखेला सकाळी नऊची मुदत दिली. बंदरात लढाऊ बोटी राजवाड्याकडं तोंड करून उभ्या. खालिदला वाटलं, हे काही तोफा डागत नाहीत. नऊ वाजून दोन मिनिटांनी डागल्या. कोणी म्हणतं 38 मिनिटं, कोणी म्हणतं 45, तेवढ्यात युद्ध खलास. राजवाडा कोसळला, सुलतानाची ग्लासगो नावाची बोट बुडाली. तिकडची सुमारे 500 माणसं मेली किंवा जखमी झाली. इंग्रजांचा एक खलाशी जखमी. इतिहासातलं सगळ्यात छोटं युद्ध म्हणून लोक हे हसत सांगतात. मीही सांगतो. पण 500 आणि एक हे आकडे फळ्यावर लिहिले की वर्गातलं हसू थांबायचं.

खालिद निसटला आणि जर्मन वकिलातीत शिरला. बाहेर इंग्रजांचा पहारा, पाय बाहेर पडला की पकडायचं. जर्मनांनी काय करावं? ऑक्टोबरमध्ये मोठ्या भरतीचा दिवस गाठला. वकिलातीच्या बागेच्या फाटकाशी पाणी आलं, होडी थेट फाटकाला लावली. झांझिबारच्या जमिनीला पाय न लावता गडी जर्मन मुलखात! पुढं 1916 मध्ये इंग्रजांनी पकडलाच म्हणा. तिथल्या भरती-ओहोटीत चारेक मीटरचा फरक पडतो. पूर्वेला पाजे गावाकडं ओहोटीला समुद्र दूर मागं जातो आणि उघड्या पडलेल्या वाळूत बाया समुद्रशेवाळाची शेती करतात. खुंट्या, दोऱ्या, ओळी, सगळं मापात. आमच्या मंडळींना तो समुद्र ‘खराब’ वाटला, पोहायला पाणी नाही म्हणून. शेतकऱ्यांची मंडळी, पण शेत ओळखलं नाही!

चिठ्ठी आली आहे. ‘सर, दहा मिनिटं. पसायदान बाकी आहे.’ बरं. म्हणजे मूळ विषय आता धावत घ्यावा लागणार.

तर कापूस. 1830-40च्या काळात झांझिबारात सगळ्यात चालणारा माल म्हणजे अमेरिकेच्या सेलम बंदरातून येणारं जाडंभरडं, न धुतलेलं कापड. त्याला मेरिकानी म्हणत. आफ्रिकेच्या आत जाणाऱ्या तांड्यांचं ते चलनच होतं. हातानं मोजून कापड द्यायचं, हस्तिदंत घ्यायचा. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली आणि हे कापड आटलं. त्याच यादवीनं इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदराला जाणारा कापूसही आटवला, भाव चढले, आणि आपल्या वऱ्हाडात ज्वारी मोडून कापूस पेरला गेला. खामगाव, अमरावतीच्या बाजारांचं सोनं झालं. 1865 ला यादवी संपली, भाव आपटले. आपल्या आजोबा-पणजोबांनी तोंड पोळून घेतलं ते इथं. पुढं मुंबईच्या गिरण्या मेरिकानीसारखंच कापड स्वस्तात काढू लागल्या आणि झांझिबारची बाजारपेठ त्यांनी धरली. एकाच लढाईचे हे दोन धक्के, एक आपल्या बांधावर, एक त्या बंदरात. आणि आपण तिथं जाऊन विचारतो, ठेचा आहे का?

दुसरी गोष्ट कडू आहे, म्हणून घाईत का होईना, सांगतो. ते नक्षीचे दरवाजे पाहून आपले लोक छाती फुगवतात, कारण त्यांतल्या कित्येकांवर हिंदी कारागिरांचा हात आहे. बरोबर आहे. पण सुलतानाच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडं होता, आणि तांड्यांना उधारी देणाऱ्यांत आपले व्यापारी होते. ते तांडे नुसता हस्तिदंत आणत नसत, माणसंही आणत. गुलामांचा बाजार 1873 मध्ये बंद झाला, त्या जागेवर अँग्लिकन चर्च उभं राहिलं. वेदी जिथं आहे, तिथं फटके मारायचा खांब होता असं सांगतात. बाहेर खड्ड्यात दगडी माणसं उभी आहेत, 1998 सालचं शिल्प, पण गळ्यातली साखळी खरी, त्या काळची. बाजार बंद झाला तरी लवंगेच्या बागांत गुलाम राबतच होते. कायद्यानं गुलामगिरी उठली 1897 मध्ये. मसाल्याच्या बागेत गाईड लवंग चोळून वास देतो, तेव्हा हेही त्याला विचारा. आमच्या गाडीनं चर्च खिडकीतून दाखवलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मंडळी डॉल्फिन पाहायला गेली आणि मी गेलो नाही. गावात पायीच हिंडलो. बोळात रस्ता चुकतो, चुकू द्या. दाराजानी बाजारात कांगा पाहा, बायकांचं छापील वस्त्र, काठाशी स्वाहिली म्हण असते. दुकानदाराला विचारा कुठं छापलं. पुष्कळदा भारतात.

हो, हो, थांबतो. मार्च ते मे तिकडं मोठा पाऊस, तेव्हा जाऊ नका. जून ते ऑक्टोबर हवा सगळ्यात चांगली, पण तेव्हा तुम्ही डवरणी-फवारणीत. कापूस वेचून विकला की जानेवारी-फेब्रुवारीत निघा, उकडतं पण जमतं. आणि पिठल्याचं पीठ घरी ठेवून जा. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी विचारा.